दोषशोधक साधनाचें माहितीपत्र कसें लिहावें

संगणकास सूचना देण्याची, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याची, विद्या आतां खेड्यापाड्यांतील मुलांच्याहि परिचयाची होत चालली आहे. परंतु लिहिलेल्या प्रोग्राममध्यें दोष राहिला असतां तो शोधून काढणें ही निराळी विद्या आहे. आणि दोष शोधण्याचें साधन दुसऱ्या कोणास निर्धास्तपणें वापरतां येईल अशा रीतीनें त्याची माहिती लिहून ठेवणें ही तर त्याहूनहि निराळी. ह्या शेवटच्या विद्येकडे पूर्वीं फारसें कोणी लक्ष देत नसे. साधन तयार करणारा पुष्कळदां शेजारच्याच टेबलाशीं बसलेला असे. कांहीं अडलें तर त्यास विचारून घेतां येई. आज स्थिति पालटली आहे. दोष शोधण्याचें काम माणसांबरोबर ‘एआय एजंट’, म्हणजे कृत्रिम बुद्धीचे कारभारी, करूं लागले आहेत, आणि साधनाची ओळख त्यांस बहुतांशीं लेखी माहितीवरूनच होते. तेव्हां असें माहितीपत्र कसें असावें, तें चांगलें नसल्यास काय अनर्थ होतो, आणि त्यापासून आपल्या रोजच्या लेखनानेंहि काय घ्यावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. दोष आणि त्याचा शोध

आपल्या डोंगरकड्याच्या शिवारांत विहिरीवरील मोटार एखादे दिवशीं सुरू झाली नाहीं, तर जाणता वायरमन आल्याबरोबर मोटार उघडीत नाहीं. खांबावरून वीज येते कीं नाहीं हें तो प्रथम पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि सर्वांत शेवटीं मोटार. त्याच्या हातांत टेस्टर असतो. हा टेस्टर दोष दुरुस्त करीत नाहीं. वीज अमुक ठिकाणापर्यंत आली व अमुक ठिकाणीं आली नाहीं, एवढेंच तो सांगतो. पण तेवढ्यानेंच दोषाचा प्रदेश लहान लहान होत जातो, आणि शेवटीं दोष हातीं लागतो. संगणकाच्या प्रोग्राममधील दोषशोधहि ह्याच मार्गानें चालतो.

अशा दोषास इंग्रजींत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. हा शब्द संगणकाहून जुना आहे. एडिसन ह्यांच्या इ. स. १८७८ मधील एका पत्रांतहि तो यंत्रांतील दोषांस उद्देशून आलेला आहे. तथापि त्याविषयींची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें बांधलेलें ‘मार्क टू’ नांवाचें गणकयंत्र बिघडलें. शोध करतां त्याच्या एका रिलेमध्यें खराच एक पतंग अडकलेला सांपडला. यंत्रावरील मंडळींनीं तो काढून नोंदवहींत चिकटविला, आणि रिलेचा क्रमांक ७०, फळी ‘एफ’, वेळ दुपारचे ३ वाजून ४५ मिनिटें, इतकी माहिती जवळ लिहून ठेविली. ग्रेस हॉपर ह्या विदुषी त्या मंडळींपैकीं होत्या, व पुढें ही गोष्ट सर्वत्र पसरली ती मुख्यतः त्यांच्या सांगण्यामुळें. ती नोंदवही आज अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे.

पतंग सांपडला ह्याची आपणांस मौज वाटते. परंतु लक्ष द्यावयाचें तें नोंदीकडे. ठिकाण, वेळ आणि प्रत्यक्ष पुरावा हीं तिन्ही तिच्यांत आहेत. म्हणूनच पाऊणशें वर्षांनंतर वाचणाऱ्यासहि त्या दिवशीं काय घडलें तें कळतें.

पुढें दोनच वर्षांनीं, इ. स. १९४९ मध्यें, केंब्रिज येथील ‘एडसॅक’ ह्या संगणकाचे कर्ते मॉरिस विल्क्स ह्यांच्या एक गोष्ट एकाएकीं ध्यानांत आली. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यांत जाणार, हीच ती गोष्ट होय. हा त्यांचा एकट्याचाच अनुभव नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वांट्यास तो येतो. म्हणून दोष शोधण्याचीं स्वतंत्र साधनें निर्माण झालीं.

२. दोषशोधक साधन काय करतें

अशा साधनास ‘डीबगर’ म्हणतात. त्यांपैकीं एक फार वापरांत असलेलें साधन ‘जीडीबी’ हें होय. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं तें इ. स. १९८६ च्या सुमारास लिहिलें, आणि तें कोणासहि विनामूल्य घेतां येतें. पुढील सर्व उदाहरणें त्यावरूनच घेतलीं आहेत.

चालता प्रोग्राम एका सेकंदांत लक्षावधि पायऱ्या ओलांडतो. माणसाच्या डोळ्यांस त्यांतील कांहींच दिसत नाहीं. दोषशोधक साधन त्या प्रोग्रामास ठरलेल्या ओळीवर थांबवितें. थांबल्यावर कोणत्या नांवाखालीं कोणती किंमत सांठविलेली आहे तें दाखवितें. एक एक पायरी पुढें चालवून पाहतां येतें. आणि ‘बॅकट्रेस’ ही आज्ञा दिली असतां, प्रोग्राम ह्या ठिकाणीं कोणत्या मार्गानें आला, म्हणजे कोणी कोणास हांक मारली व त्यानें पुढें कोणास मारली, त्याची सबंध परंपरा तें छापून देतें. वायरमनच्या टेस्टराचेंच हें काम आहे, मात्र फार सूक्ष्म प्रमाणावर.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. टेस्टर लावल्यानें वीज बंद पडत नाहीं. परंतु जीडीबी हें साधन चालू प्रोग्रामास जोडलें असतां पहिली गोष्ट करतें ती ही, कीं त्या प्रोग्रामास थांबवितें. तो प्रोग्राम घरच्या अभ्यासाचा असेल तर बिघडत नाहीं. तोच बँकेचा हिशेब किंवा रेल्वेचें आरक्षण सांभाळणारा असेल, तर साधन जोडलेलें असेपर्यंत पलीकडे लोक खोळंबून राहतात. दोष पाहण्याच्या साधनानेंच नवी अडचण उभी केली असें होतें. ही गोष्ट जाणत्यास ठाऊक असते. नवख्यास ती कोणीतरी सांगावी लागते. सांगणारा जवळ नसेल, तर तें काम माहितीपत्रानेंच करावयाचें असतें.

३. नवा वाचक

आतां हा नवा वाचक कसा आहे तें पाहूं. आपल्याकडे एजंट हा शब्द अपरिचित नाहीं; आपल्या वतीनें कचेरींत जाऊन काम करून आणणारा तो एजंट. एआय एजंटहि तसाच आहे. त्याच्या मुळाशीं एक मोठें भाषा-प्रतिमान असतें. अशीं प्रतिमानें ज्या रचनेवर उभीं आहेत ती इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि इ. स. २०२२ च्या अखेरीपासून त्यांच्याशीं संभाषण करणें सामान्य लोकांसहि साध्य झालें. प्रथम हीं प्रतिमानें केवळ उत्तरें देत. पुढें त्यांच्या हातीं साधनें देण्यांत आलीं, आणि तीं स्वतः कामें करूं लागलीं. इ. स. २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यांत ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ह्या नांवाचा एक समान संकेत जाहीर झाला. त्याप्रमाणें प्रत्येक साधनाचें नांव, त्याचें वर्णन, आणि त्यास कोणती माहिती पुरवावी लागते तें, हीं एजंटापुढें ठेवितां येतात.

एजंटाचें काम चालतें तें असें. तो वर्णन वाचतो. एक आज्ञा लिहितो. ती चालवून जें उत्तर छापून येतें तें वाचतो. आणि त्यावरून पुढील आज्ञा ठरवितो. हें चक्र काम संपेपर्यंत फिरत राहतें. ह्यांत त्याचे गुण पुष्कळ आहेत. तो कंटाळत नाहीं, भराभर वाचतो, आणि शंभर पानेंहि क्षणांत चाळतो. परंतु माहितीपत्र लिहिणारानें त्याच्या चार मर्यादा ओळखल्या पाहिजेत.

पहिली ही, कीं साधन चालत असतां कर्त्याच्या चेहऱ्यावर आलेली काळजी त्यास दिसत नाहीं. कागदावर आहे तेवढेंच त्याचें जग. दुसरी, माहितींत खळगा राहिला तर तो पुष्कळदां न विचारतां अनुमानानें भरून काढतो, आणि तें अनुमान खऱ्यासारख्याच ठाम भाषेंत मांडतो. तिसरी, त्याच्या कामापुरत्या स्मृतीस मर्यादा असते. दहा हजार ओळींचें उत्तर त्याच्यावर ओतलें तर महत्त्वाची ओळ त्यांत बुडून जाते. चौथी, मागील काम संपलें कीं त्यांतील शिकवण, ती कोठें लिहून ठेविली नसल्यास, पुढील कामाच्या वेळीं त्याजपाशीं नसते. माणसास एकदां ठेंच लागली म्हणजे तो शहाणा होतो. ह्या वाचकासाठीं ठेंच कोठें लागते हें आधींच लिहून ठेवावें लागतें.

४. माहितीपत्राचे आठ नियम

पहिला नियम. साधन कशासाठीं आहे व कशासाठीं नाहीं, हें आरंभींच्या दोन वाक्यांत सांगावें. एजंटापुढें एकाच वेळीं अनेक साधनें असतात, आणि निवड तो वर्णनावरूनच करतो. ‘हें दोष शोधण्याचें उत्तम साधन आहे’ असें म्हटल्यानें निवडीस कांहीं साहाय्य होत नाहीं. ‘प्रोग्राम अचानक बंद पडला असतां तो कोणत्या ओळीवर पडला हें पाहण्यासाठीं वापरावें, प्रोग्राम नुसता मंद चालत असल्यास त्याचें कारण शोधण्यास हें साधन योग्य नाहीं’, असें म्हटल्यानें होतें.

दुसरा नियम. साधनानें कशांत बदल होतो तें स्पष्ट लिहावें. नुसतें पाहणाऱ्या आज्ञा आणि बदल करणाऱ्या आज्ञा वेगळ्या दाखवाव्या. जीडीबीमध्यें ‘प्रिंट’ ही आज्ञा किंमत दाखविते. परंतु तिच्याच पोटांत नवी किंमत भरण्याची सूचना लिहिली, तर तीच आज्ञा चालत्या प्रोग्राममधील किंमत बदलूनहि टाकते. नांवावरून निरुपद्रवी वाटणारी आज्ञा अशी दुधारी असूं शकते. तसेंच, आधींपासून चालू असलेल्या प्रोग्रामास साधन जोडून मग साधन बंद केलें, तर प्रोग्राम सुटून पुढें चालूं लागतो; पण प्रोग्राम साधनानेंच सुरू केलेला असेल, तर साधनाबरोबर तोहि संपतो. एकाच ‘बंद करा’ ह्या कृतीचीं दोन फळें! हें लिहिलेलें नसेल, तर वाचणाऱ्यानें कितीहि बुद्धि चालविली तरी त्यास तें उमगण्याचा मार्ग नाहीं.

तिसरा नियम. आज्ञा पूर्ण व जशीच्या तशी द्यावी, आणि तिच्याखालीं योग्य उत्तर कसें दिसतें त्याचा नमुना द्यावा. आपल्या घरांतील मातांस ह्याचें महत्त्व सांगावयास नको. ‘अंदाजानें मीठ घालावें’ हें वाक्य ज्यास स्वयंपाक येतो त्यासच उपयोगी पडतें. कमलाबाई ओगले ह्यांचें ‘रुचिरा’ हें पुस्तक इ. स. १९७० मध्यें निघालें, आणि नवशिक्या मुलींना तें आपलेंसें वाटलें. ह्याचें एक कारण त्यांत वाटी-चमच्याच्या मापानें कृति सांगितल्या आहेत हें होय. माप दिलें कीं सांगणारी व्यक्ति जवळ नसली तरी चालतें. उत्तराचा नमुना म्हणजे ‘पाक दोनतारी झाला कीं उतरावा’ अशी खूण आहे. खुणेवांचून वाचणाऱ्यास आपलें काम बरोबर चाललें कीं चुकलें तें कळत नाहीं.

चौथा नियम. साधन मध्येंच थांबून उत्तराची वाट पाहत असेल, तर तें कसें टाळावें हें सांगावें. जीडीबी लांब मजकूर छापतांना पडदा भरला कीं थांबतें आणि पुढें जाण्यासाठीं कळ दाबावयास सांगतें. कांहीं आज्ञांपूर्वीं ‘खात्री आहे ना?’ असेंहि विचारतें. माणसासाठीं ही सोय आहे. पण एजंट पुष्कळदां कळफलकापाशीं बसलेला नसतो. अशा वेळीं साधन एजंटाची वाट पाहतें, एजंट साधनाची वाट पाहतो, आणि काम तेथेंच खिळून राहतें. जीडीबी ‘बॅच’ रीतीनें चालविल्यास हें दोन्ही टळतें, व काम संपतांच तें आपणहून बंद होतें. मात्र ‘खात्री आहे ना?’ हा प्रश्न गेला म्हणजे त्याचें संरक्षणहि गेलें. म्हणून दुसरा नियम येथें दुप्पट कसोशीनें पाळावा लागतो.

पांचवा नियम. प्रत्येक अडचणीचा संदेश, त्याचा अर्थ, आणि पुढील पायरी, अशीं तीन अंगें लिहावीं. साधन कधीं कधीं किंमतीच्या जागीं ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असें छापतें. ह्याचा अर्थ किंमत शून्य आहे असा नव्हे. प्रोग्राम वेगवान करतांना ती किंमत त्या ठिकाणीं उपलब्धच राहिली नाहीं, एवढाच. हें न सांगितल्यास नवखा वाचक ‘किंमत नाहीं, हाच दोष’ असा चुकीचा निर्णय करून मोकळा होतो. त्याचप्रमाणें परवानगी नाकारल्याचा संदेश आला तर काय करावें? ‘अधिक अधिकार मिळवून पुन्हां प्रयत्न करावा’ असें मोघम लिहिलें, तर आज्ञाधारक वाचक कुलूप काढावयास निघेल. ‘येथें थांबावें, आणि यंत्राच्या मालकास कळवावें’ असें लिहिलें पाहिजे.

सहावा नियम. एका वस्तूस सबंध पत्रांत एकच नांव असावें. निबंधांत तोच शब्द पुनः पुनः आला तर आपले गुरुजी पर्यायशब्द वापरावयास सांगतात, आणि तें योग्यच आहे. माहितीपत्रांत मात्र हा अलंकार घातक ठरतो. एकदां ‘काम’, एकदां ‘प्रक्रिया’ आणि एकदां ‘प्रोग्राम’ म्हटलें, तर ह्या तीन वस्तु आहेत असें वाचणारा समजेल, आणि त्यांत त्याचा अपराध नाहीं.

सातवा नियम. साधनानें छापलेला मजकूर हा पुरावा आहे, आज्ञा नव्हे, हें बजावून ठेवावें. दोषशोधक साधन प्रोग्रामाच्या पोटांत जें असेल तें बाहेर काढून दाखवितें. त्यांत कोणा परक्यानें पाठविलेलें पत्रहि असूं शकेल, आणि त्या पत्रांत ‘मागील सूचना विसरून जा व ह्या फायली पुसून टाक’ असें वाक्यहि असूं शकेल. आपल्या धन्याची सूचना कोणती व वाचावयास आलेला मजकूर कोणता, ह्यांत एजंटाची गल्लत होऊं शकते. आणि दुष्ट लोक ह्या दुर्बलतेचा फायदा घेऊं पाहतात, हें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. त्याच पोटांत लोकांचे सांकेतिक शब्द व खाजगी माहितीहि असते. म्हणून काय छापावें, किती छापावें, आणि कोणती गोष्ट नोंदींत उतरूं देऊं नये, हेंहि पत्रांत असावें.

आठवा नियम. साधनाचे दोष लपवूं नयेत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ‘युनिक्स’ ह्या कार्यप्रणालीची पहिली पुस्तिका ता. ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तींत आज्ञांचें वर्णन ठराविक मथळ्यांखालीं दिलें आहे. नांव, वापरण्याची रीति, वर्णन, अडचणीचे संदेश, असे ते मथळे असून त्यांत ‘बग्ज’, म्हणजे ह्या साधनांतले ज्ञात दोष, हाहि एक मथळा आहे. आपल्याच कृतीचे दोष तिच्याच वर्णनांत लिहून ठेवण्याची ही चाल पुढें रूढ झाली. जो आपल्या साधनाची मर्यादा सांगतो त्याच्या इतर वाक्यांवर विश्वास ठेवण्यास वाचणाऱ्यास आधार मिळतो.

५. एक नमुना

आतां एकाच विषयावरील दोन लेखन-नमुने शेजारीं ठेवून पाहूं. पहिला नमुना असा:

‘प्रोग्राम अडकल्यास जीडीबी जोडून पाहावें. बहुधा कारण लक्षांत येतें. नंतर योग्य ती कारवाई करावी.’

हीं तीन वाक्यें व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. परंतु ‘अडकल्यास’ म्हणजे किती वेळ? ‘पाहावें’ म्हणजे कोणत्या आज्ञेनें? ‘योग्य ती कारवाई’ कोणती? जाणत्यास हें पत्र नको, आणि नवख्यास तें पुरत नाहीं. दुसरा नमुना असा:

कार्य: चालू असून प्रतिसाद न देणारा प्रोग्राम कोणत्या ठिकाणीं अडकला आहे तें पाहणें. मंदपणाचें कारण शोधण्यास वापरूं नये.

परिणाम: साधन जोडलेलें असेपर्यंत प्रोग्राम पूर्ण थांबतो. लोकांच्या वापरांतील प्रोग्रामास जोडण्यापूर्वीं मालकाची संमति घ्यावी.

पूर्वतयारी: प्रोग्रामाचा क्रमांक ठाऊक असावा. दोषशोधासाठीं लागणारी चिन्हें प्रोग्राम तयार करतांनाच त्यांत ठेविलेलीं असावीं. नसल्यास ओळींचे क्रमांक दिसणार नाहींत.

कृति: जीडीबी बॅच रीतीनें प्रोग्रामाच्या क्रमांकास जोडावें, सर्व थ्रेडांचा बॅकट्रेस मागावा, उत्तर फाइलींत उतरवावें, साधन सुटूं द्यावें. दहा सेकंदांनीं हीच कृति पुन्हां एकदां करावी.

उत्तराचा अर्थ: दोन्ही वेळां तोच थ्रेड त्याच ठिकाणीं आढळला, तर तो तेथें अडकला असण्याचा संभव आहे. ठिकाण बदललें, तर प्रोग्राम अडकलेला नसून चालत आहे.

अडचण: परवानगी नाकारली गेल्यास थांबावें व मालकास कळवावें. अधिकार वाढविण्याचा प्रयत्न करूं नये.

शेवट: प्रोग्राम पुन्हां चालूं लागला आहे ह्याची खात्री करावी. दोषाचें ठिकाण व पुरावा लिहावा. दोष सुधारला असें लिहूं नये, कारण ह्या साधनानें कांहींच सुधारलेलें नाहीं.

मर्यादा: दोन छायाचित्रांवरून सबंध चलच्चित्र कळत नाहीं. कामाची वाट पाहत स्वस्थ बसलेला थ्रेडहि अडकल्यासारखा दिसतो.

दुसरा नमुना लांब आहे खरा. पण त्यांत एकहि वाक्य शोभेचें नाहीं. प्रत्येक वाक्य काढून पाहावें, म्हणजे तें काढल्यानें कोणती चूक घडेल तें सांगतां येतें. माहितीपत्रांत काय ठेवावें व काय गाळावें ह्याची हीच उत्तम कसोटी होय. तीच कसोटी पालकांनीं घरीं ठेविलेल्या औषधाच्या चिठ्ठीस लावून पाहावी: ‘दुखल्यास गोळी द्यावी’ एवढेंच तिच्यांत असेल, तर घरांत एकट्या असलेल्या आजीनें किती गोळ्या, केव्हां, आणि कितीदां द्याव्या?

६. आपल्या जिल्ह्यांतील एक उदाहरण

हा विषय दूरच्या नगरांतील वाटेल. पण तो आपल्या दाराशींच येऊन ठेपला आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ दुधाळा येथें ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याचें काम हातीं घेतलें आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें इ. स. २०२३ च्या एप्रिलांत तिला २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली, आणि पुणें येथील ‘आयुका’ ही संस्था तींत सहभागी आहे. अशा वेधशाळेस काटकोनांत दोन बाहु असतात, आणि प्रत्येक बाहु ४ किलोमीटर लांब असतो. त्या लांबींत होणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनहि सूक्ष्म असा फरक तिला ओळखावयाचा असतो. अमेरिकेंतील अशाच दोन वेधशाळांनीं ता. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली लहर टिपली.

एवढ्या नाजूक यंत्रास खरी लहर आणि खोटी खळबळ ह्यांतील भेद कसा कळतो? त्यासाठीं मुख्य मापनाबरोबर भूकंपमापक, ध्वनिग्राहक, तपमानाचीं यंत्रें इत्यादिकांच्या दोन लाखांहून अधिक नोंदवाहिन्या प्रत्येक वेधशाळेंत चालू असतात. इ. स. २०१७ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील हॅनफोर्ड येथील वेधशाळेंत एक विचित्र खळबळ वारंवार दिसूं लागली. ध्वनिग्राहकाच्या नोंदींशीं ती ताडून पाहतां ती बाहेरील टकटकीशीं जुळली. प्रत्यक्ष जाऊन पाहतां, थंड नायट्रोजनाच्या नळावर जमलेल्या बर्फास तहानलेले डोमकावळे चोंची मारीत आहेत असें आढळलें! पुढें त्या नळावर बर्फ जमूं नये अशी व्यवस्था करण्यांत आली.

ह्या शोधांत कोणती वाहिनी काय मोजते, तिचा ग्राहक कोठें बसविला आहे, आणि कोणत्या वेळीं काय दिसलें, ही माहिती लिहिलेली नसती, तर त्या लाखों आंकड्यांचा उपयोग शून्य झाला असता. आज अशा खळबळींचें वर्गीकरण करण्यांत यंत्रबुद्धीचेंहि साहाय्य घेतलें जातें. उद्यां दुधाळ्याची वेधशाळा चालूं लागेल, तेव्हां आपल्या आवारांतील कावळे, वीज, पाऊस आणि रस्त्यावरील वाहनें ह्यांच्या नोंदी कोणीतरी नीट लिहाव्याच लागतील, आणि त्या वाचणारांत माणसें व यंत्रें दोन्ही असतील. तें काम करणारीं मुलें ह्याच जिल्ह्यांतील शाळांतून कां निघूं नयेत?

७. समारोप

सारांश, यंत्राच्या वाचकासाठीं लिहिणें म्हणजे कांहीं नवी गूढ भाषा शिकणें नव्हे. जवळ बसलेला चांगला शिक्षक जें तोंडानें सांगेल, तें सर्व आधींच कागदावर उतरविणें, एवढेंच तें आहे. कशास हात लावावा, कशास लावूं नये, बरोबर झाल्याची खूण कोणती, चुकल्यास कोठें थांबावें, आणि आपणांस काय ठाऊक नाहीं. हे पांच प्रश्न ज्या पत्रांत सुटले, तें पत्र माणसासहि पुरतें व यंत्रासहि. आणि यंत्रासाठीं म्हणून सुधारलेलें पत्र नव्या नोकरास, परगांवच्या सहकाऱ्यास, आणि वर्षभरानें सर्व विसरलेल्या स्वतः लेखकासहि उपयोगी पडतें.

तथापि एक जबाबदारी कागदावर टाकून मोकळें होतां येत नाहीं. पत्र कितीहि चांगलें असलें, तरी एजंटानें ‘काम झालें’ असें सांगितल्यावर पुरावा पाहण्याचें काम माणसाचेंच आहे. वायरमननें ‘मोटार सुरू झाली’ म्हटलें तरी शेतकरी पाटांत पाणी आलें कीं नाहीं तें पाहूनच घरीं जातो. तीच रीति येथेंहि ठेवावी.

अभ्यासासाठीं

(१) आपल्या घरच्या पंपाचा स्टार्टर सुरू व बंद करण्याचें माहितीपत्र दहा वाक्यांत लिहा. वीज मध्येंच गेली तर काय करावें आणि कोणत्या भागास हात लावूं नये, हें त्यांत आलें पाहिजे. सर्व कामें मोठ्या माणसांच्या देखरेखीखालींच व्हावीं.

(२) हळद शिजविण्याची कृति वडीलधाऱ्यांस विचारून लिहून काढा. ‘बेताचें’, ‘थोडें’, ‘नीट’ हे शब्द न वापरतां त्यांच्या जागीं माप किंवा खूण द्या.

(३) आपण लिहिलेलें पत्र ज्यास तें काम मुळींच येत नाहीं अशा मित्रास वाचावयास द्या, आणि त्यानें पुढें काय करावें तें त्यासच सांगूं द्या. तो बोलत असतां आपण एक अक्षरहि बोलूं नये. तो जेथें अडखळेल किंवा अनुमान करील, तेथें खूण करा, आणि मित्रास दोष न देतां पत्र सुधारा.